पार्किंगमधला लाल सिलिंडर

एप्रिलमध्ये आमच्या फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमधला अग्निशामक सिलिंडर मी भिंतीवरून खाली काढला. काटा हिरव्या पट्ट्यात होता, स्टिकरवरची तारीखही ताजी होती. नळीच्या तोंडात बोट घातलं तर माती लागली. कुंभारीण माशीने आत घरटं बांधलं होतं. सिलिंडर उलटा करून हलवला, तर आत काही सरकल्याचं जाणवलं नाही. पावडर तळाशी घट्ट बसली होती. रिफिलच्या नावाखाली नुसतं स्टिकर बदललं गेलं होतं, आणि आम्ही वर्षभर त्या काट्यावर विसंबून होतो.

काटा फक्त पावडर बाहेर ढकलणाऱ्या आतल्या नायट्रोजनचा दाब सांगतो. पावडर मोकळी आहे की तिच्या गुठळ्या झाल्यात, हे त्याला कळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा काट्यासोबत पिन, सील, नळी आणि बुडाचा गंजही बघायचा, आणि सिलिंडर दोन-तीनदा उलटासुलटा करायचा. एकदा चाप दाबला, अगदी क्षणभर, तरी तो पुन्हा भरून घ्यावाच लागतो. पावडरचे कण व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतात आणि दाब हळूहळू निघून जातो.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला तर काटाच नसतो. साधारण हवामानात हा वायू आत द्रवरूपात असतो आणि द्रव शिल्लक असेपर्यंत दाब जवळपास तेवढाच राहतो. अर्धा रिकामा झाला तरी काट्याने ते दाखवलं नसतं. म्हणून तो वजनावर तपासतात. भरलेल्या वायूत दहा टक्क्यांहून जास्त घट आली की रिफिल. आता नागपूरचा मे घ्या. 31 अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड कितीही दाबला तरी द्रव राहत नाही. 45 अंशांत पूर्ण भरलेल्या सिलिंडरमधला दाब वातावरणाच्या शंभरपटीवर जातो. तो पेलण्यासाठीच त्याचं पोलाद जाड असतं आणि दाब फारच वाढला तर फुटणारी सुरक्षा-चकती बसवलेली असते. तरीही कुठलाही सिलिंडर उन्हाच्या भिंतीला टांगू नये, बंद कारमध्ये तर नाहीच.

कोणता घ्यावा? घरासाठी आयएसआय छापाचा एबीसी पावडरचा, म्हणजे लाकूड-कापड, पेट्रोलसारखे द्रव आणि गॅस या तिन्ही आगींवर चालणारा. त्यातलं मोनो अमोनियम फॉस्फेट ज्वाळेतली रासायनिक साखळी तोडतं, आणि जळत्या लाकडा-कापडावर वितळून चिकट थर धरतं. कूलरची मोटर पेटली तर आधी मेन स्विच बंद करायचा. इलेक्ट्रिक पॅनेलसाठी कार्बन डायऑक्साइड चांगला, कारण मागे काहीच उरत नाही. फक्त त्याचा भोंगा उघड्या हाताने धरू नका, थंडीने कातडी पोळते, आणि बंद खोलीत जीव गुदमरतो.

कढईतलं तेल ही वेगळीच आग आहे. त्यावर पाणी ओतलं तर वाफ होताना ते पाणी सुमारे 1700 पट फुगतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. पावडरने ज्वाळा दबतात, पण तेल तापलेलंच राहतं आणि पुन्हा भडकतं. घरात गॅस बंद करून झाकण ठेवा आणि कढई हलवू नका. समोसे-कचोरी तळणाऱ्या दुकानांनी पोटॅशियम अॅसिटेटचं द्रावण असलेला सिलिंडर ठेवावा. ते तापलेल्या तेलाशी मिळून साबणाचा फेस करतं, त्याखाली तेल थंड होतं.

देशभरातले अग्निशमन अधिकारी घडवणारं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1957 पासून आपल्या नागपुरात आहे. अशा शहरात प्रत्येक स्कीमला सिलिंडर चालवता यायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. रिफिलला देण्यापूर्वी आम्ही उरलेले चालू सिलिंडर मैदानात सरावासाठी वापरले. पिन ओढायची, ज्वाळेच्या बुडाशी नेम धरायचा, डावी-उजवीकडे फिरवायचं. दहा-पंधरा सेकंदांत सगळं संपतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना चार किलोचा दोन्ही हातांनीही नीट उचलेना. भरलेला तो सहा किलोंच्या वरच जातो. त्यांच्या दाराशी आता दोन किलोचा लावला आहे, त्यांच्या खांद्याच्या उंचीवर, शेगडीपासून दूर.