बाप्तिस्म्याविना विश्वासी : खान्देशातली पार्श्वभूमी

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर, विसरवाडी, चिंचपाडा या पट्ट्यात चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला बसले की प्रभुभोजनाच्या वेळी एक गोष्ट लक्षात येते. भाकर आणि पेला फिरू लागतो, तेव्हा काही जण हात पुढे करतात आणि काही जण मान खाली घालून तो शेजाऱ्याकडे जाऊ देतात. हे दुसरे लोक नवखे असतातच असे नाही. त्यांतल्या कितीतरी जणांना वचने तोंडपाठ असतात, गाणे तेच धरतात, आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर प्रार्थनेला तेच बसतात. फक्त बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा प्रवेशविधी, झालेला नसतो. बाहेरचा माणूस त्यांना अर्धवट समजतो. त्यांच्या थांबण्यामागे जो इतिहास आहे तो पाहिला, तर तसे म्हणवत नाही.

आधी शब्दांचा गुंता. 'ख्रिस्ती' हा शब्द मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एका अर्थाने चालतो, तहसील कचेरीत दुसऱ्या आणि गावात तिसऱ्या. मंडळीच्या लेखी येशूवर भरवसा ठेवणारा तो विश्वासी, आणि बाप्तिस्मा झालेला तो सभासद. कचेरीच्या लेखी दाखल्यावर जे लिहिले आहे ते. गावाच्या लेखी एकच क्रियापद आहे : बाटणे. 'बाटी गया' एवढे म्हटले की अहिराणी बोलणाऱ्या गल्लीत पुढचे सांगावे लागत नाही. बाप्तिस्मा आणि बाटणे या शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण कानाला ते जवळचे लागतात आणि पिढ्यान् पिढ्या एकाच वाक्यात ऐकू आले आहेत. उपासनेला जाणारा 'प्रार्थनेला जातो' एवढ्यावर सुटतो. पाण्यात उतरला की क्रियापद बदलते.

कायद्याचा इतिहास १० ऑगस्ट १९५० पासून सुरू होतो. त्या दिवशी निघालेल्या अनुसूचित जातींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म 'प्रोफेस' करणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही, असे ठरवले. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यातून मोकळीक मिळाली. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात जागा आहे, पण राखीव मतदारसंघ आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण त्यातून मिळत नाही.

सगळी गोम त्या 'प्रोफेस' शब्दात आहे. मराठीत त्याला नेमका शब्द सापडत नाही. 'मानणे' म्हटले तर ते मनात होते, 'पाळणे' म्हटले तर घरात होते, 'जाहीर करणे' म्हटले तर चारचौघांत. आदेश काढणाऱ्यांना यांतले कोणते अभिप्रेत होते, यावर कोर्टांनी अनेक दशके खल केला. १९६० च्या दशकात नागपूरच्या एका राखीव जागेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. निवडून आलेला उमेदवार बौद्ध झाला होता का, हा प्रश्न होता. न्यायालयाने सांगितले की 'प्रोफेस' म्हणजे आपली श्रद्धा अशा रीतीने प्रकट करणे, की ज्यांचा तिच्याशी संबंध आहे त्यांना ती कळावी. निकाल बौद्ध धर्मांतराबद्दलचा होता, पण त्याची सावली चर्चवर पडली. मनात काय आहे हे कोर्ट पाहू शकत नाही, ते प्रकट झालेले पाहते. आणि ख्रिस्ती जीवनात बाप्तिस्म्याइतके उघड, साक्षीदारांसमोरचे, तारीखवार वहीत उतरणारे दुसरे काय आहे?

१९८५ मध्ये मद्रासमधल्या एका चर्मकाराचे प्रकरण आले. रस्त्याच्या कडेला जोडे शिवणाऱ्यांना सरकारने मोफत टपऱ्या दिल्या, याला ख्रिस्ती म्हणून नाकारली. धर्मांतरानंतरही जातीचा जाच तितक्याच तीव्रतेने सुरू राहतो हे दाखवणारी सामग्री समोर नाही, असे म्हणत न्यायालयाने त्याची मागणी फेटाळली. टपरी नाकारली तरी तो माणूस रस्त्याच्या कडेला जोडेच शिवत राहणार होता, हे मला विसरता येत नाही. २००७ मध्ये एका राष्ट्रीय आयोगाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करा अशी शिफारस केली, ती अमलात आली नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये याच प्रश्नासाठी नवा आयोग नेमला गेला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीतल्या एका तरुणीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. ती स्वतःला हिंदू आणि अनुसूचित जातीची म्हणत होती. तिच्याविरुद्ध गेलेल्या पुराव्यांत तान्हेपणी झालेल्या बाप्तिस्म्याची नोंद होती, आणि ती नियमित चर्चला जाते हेही. केवळ आरक्षणासाठी धर्म सांगणे ही संविधानाची फसवणूक आहे, असे न्यायालयाने म्हटले. निकालाच्या बाजूने बोलण्यासारखे आहे. पण चाळीसगाव-भुसावळकडच्या, नोकरीची आशा धरून बसलेल्या घरात त्याचा अर्थ एकच लागतो : पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या, कपाटातली बाप्तिस्म्याची वही पोराच्या फाइलला जोडली जाऊ शकते. त्याच्या वर्षभर आधी, २०२३ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अमरावतीच्या एका मुलीच्या प्रकरणात उलट बाजूने दिलासा दिला होता. घरात येशूचे चित्र सापडले एवढ्यावरून कुटुंब ख्रिस्ती झाले असे होत नाही, कारण धर्मांतराचा पुरावा नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की घरातला जाणता माणूस काय ठरवेल, हे सांगायला वकील लागत नाही.

आता नंदुरबारचे वेगळेपण. या जिल्ह्यात दहांतले जवळपास सात जण अनुसूचित जमातीचे आहेत : भिल, पावरा, मावची, कोकणी. ६ सप्टेंबर १९५० च्या अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अटच नाही. मावची माणूस बाप्तिस्म्यानंतरही मावचीच. मग इथे अडखळण्याचे कारण काय?

कारण जात पडताळणीत आहे. १९९४ च्या एका निकालानंतर दक्षता पथकाने घरी जाऊन जमातीच्या चालीरीती, देवदेवता, लग्नविधी, अंत्यविधी विचारायचे, अशी पद्धत बसली. याला आप्तभाव चाचणी म्हणतात. तुमचे कुलदैवत कोणते, होळी कशी करता, मेल्यावर काय करता. ज्या घराने याहामोगी देवीची पूजा आणि दारूचे अर्घ्य सोडून तीस वर्षे झाली, त्या घराने याला खरे उत्तर द्यायचे तरी कसे? २०११ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की ही चाचणी अंतिम कसोटी नव्हे. तरी प्रश्नावली ऐकूनच माणूस धास्तावतो. त्यात 'डीलिस्टिंग'ची मागणी आली, म्हणजे धर्मांतरित आदिवासींना यादीतून काढा. तिचे मूळ १९६७ च्या संसदीय समितीपर्यंत जाते, आणि गेल्या काही वर्षांत त्यासाठी महाराष्ट्रातही मोर्चे निघाले. कायदा बदललेला नाही. पण बदलला तर कोणाचे नाव आधी निघेल, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

दुसरे कारण शेजारचे. नवापूरच्या हद्दीला लागून डांग आहे, तिथे १९९८ च्या नाताळात प्रार्थनाघरांवर हल्ले झाले. गुजरातच्या २००३ च्या कायद्याने धर्मांतराचा विधी करणाऱ्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी सक्तीची केली. मध्य प्रदेशात तर १९६८ पासून कायदा आहे. सोयरीक तिन्ही राज्यांत पसरलेली असते, त्यामुळे भीतीही सीमा ओलांडून येते. २०२५ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने अशाच कायद्याच्या विचारासाठी समिती नेमली, जुलैत नवापूर भागातल्या अनधिकृत चर्चचा प्रश्न विधानसभेत गाजला.

याचा अर्थ जुन्या काळी सगळे सरळ होते असा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेहून आलेल्या स्कँडिनेव्हियन वंशाच्या मिशनऱ्यांनी पश्चिम खान्देशात काम उभे केले, ते छपन्नच्या (संवत १९५६, म्हणजे इ.स. १८९९-१९००) दुष्काळाच्या आठवणी ताज्या असताना. 'धान्यासाठी ख्रिस्ती' हा आरोप तेव्हापासून चिकटला, आणि तो नको म्हणून काही मानी माणसे पाण्यापासून लांब राहिली. मोहाची दारू हा दुसरा अडसर. तिसरा दोन बायकांचा. इंग्लंडच्या चर्चपरंपरेतल्या बिशपांच्या १८८८ च्या परिषदेने ठरवले होते की एकाहून अधिक बायका असलेल्याला बाप्तिस्मा देऊ नये, उमेदवार म्हणून शिकवत ठेवावे. एकीला टाकून दे म्हणणे किती क्रूर आहे हे ज्याला कळले, तो आयुष्यभर उमेदवारच राहिला. त्याला कमी विश्वासाचा मी तरी म्हणणार नाही. शिवाय १९२२-२३ च्या देवीच्या चळवळीत आणि १९३८ च्या सुमाराला तळोद्याकडच्या आरतीच्या चळवळीत आदिवासींनी दारू सोडून, अंघोळ करून, जगणे पालटून पाहिले होते, तेही धर्माचे नाव न बदलता.

निव्वळ धर्मशास्त्रीय कारणेही आहेत. ज्याला तान्हेपणी कपाळावर पाणी मिळाले तो मोठेपणी दुसऱ्या मंडळीत गेला, की त्याला रंगावली नदीच्या डोहात पुन्हा उतरायला सांगतात. 'एकच बाप्तिस्मा' हे वचन पुढे करून तो नाही म्हणतो, आणि नव्या मंडळीच्या वहीत बाप्तिस्मा न घेतलेला ठरतो. येशूशेजारी वधस्तंभावर असताना, बाप्तिस्म्याविनाच स्वर्गाचे वचन मिळालेल्या चोराचे उदाहरण कोणी देतो. सतराव्या शतकापासून पाण्याचा विधीच न करणारे ख्रिस्ती इंग्लंडात आहेत, आणि गणवेश घालून सेवा करणाऱ्या एका मंडळीने १८८३ मध्ये बाप्तिस्म्यासारखे संस्कार बाजूला ठेवले. चौथ्या शतकातला रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन तर बाप्तिस्म्यासाठी ३३७ मध्ये मरणशय्येवर येईपर्यंत थांबला होता.

बाप्तिस्म्याविना विश्वाशांना जागा करून देण्याचा मराठीतला मान कवी ना. वा. टिळकांना जातो. स्वतः १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसाने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभारला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसू शकत. दोन वर्षांत तो गेला आणि दरबार विरला.

आज जे पाळक हे सगळे जाणतात ते घाई करत नाहीत. बायको तयार आहे, नवरा नाही, तर थांबतात. मुलाची पडताळणी व्हायची आहे, तर तेही ऐकून घेतात. अडचण मरणाच्या वेळी येते. बाप्तिस्मा नसलेल्या विश्वाशाला मंडळीच्या दफनभूमीत जागा द्यायची का, आणि गावकीने आपल्या जागेत नाकारले तर माती कुठे द्यायची, याचे उत्तर अजून पाळकागणिक बदलते.