पार्श्वभूमी : कॅम्प्टोथेसिनला ‘अवरोधक’ म्हणावं का?

चीनमधल्या ‘शी शू’ झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाच्या पेशी मारणारं संयुग मिळाल्याचं अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये जाहीर केलं. १९७२ मध्ये भारतीय संशोधकांना तेच संयुग आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात सापडलं.

त्याच सुमाराला त्याच्या कर्करोगाच्या रुग्णांवरच्या चाचण्या बंद पडल्या. संयुग पाण्यात विरघळेना म्हणून त्याचा सोडियम क्षार वापरला होता. तो करताना रेणूतलं ‘लॅक्टोन’ नावाचं अणूंचं वलय उघडतं, आणि औषधाचा सगळा गुण त्या मिटलेल्या वलयात. मूत्राशयातल्या आम्लतेत वलय पुन्हा मिटायचं आणि रुग्णांना लघवीतून रक्त जायचं. विरघळण्याच्या सोयीसाठी रेणूचा गाभाच मोडला गेला. पुढची दहा-बारा वर्षं संयुग जवळपास अडगळीत पडलं.

१९८५ मध्ये त्याचं लक्ष्य कळलं: टोपोआयसोमरेज-१ हे एन्झाइम. तेव्हापासून ‘इनहिबिटर’, म्हणजे अवरोधक, हा शब्द चिकटला. रसायनांच्या कॅटलॉगमध्ये, बाटलीच्या लेबलवर आजही तोच असतो. माझ्या मते तो दिशाभूल करतो.

डीएनएला पीळ पडला की हे एन्झाइम त्याचा एक धागा कापतं, पीळ सैल होऊ देतं आणि धागा पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन कापलेल्या जागी पाचरीसारखं बसतं आणि जोडणी होऊ देत नाही. एन्झाइम डीएनएला चिकटूनच राहतं. डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा तिथे येऊन आदळते, दोन्ही धागे तुटतात आणि पेशी मरते. म्हणजे पेशी एन्झाइमचं काम थांबल्यामुळे मरत नाही. अडकलेलं एन्झाइमच तिचा घात करतं. यीस्टमधून या एन्झाइमचं जनुक काढून टाकलं तरी यीस्ट जगतं, शिवाय त्याच्यावर कॅम्प्टोथेसिनची मात्रा चालेनाशी होते. खऱ्या अवरोधकाच्या बाबतीत असं झालं नसतं. म्हणून या क्षेत्रातले लोक ‘टोपोआयसोमरेज पॉइझन’, म्हणजे विष, म्हणतात. हा फरक नुसता शब्दांचा नाही. ‘अवरोधक’ डोक्यात ठेवून काम करणारा विद्यार्थी एन्झाइम कमी करून तोच परिणाम शोधायला जातो आणि त्याला उलटं दिसतं: एन्झाइम जितकं कमी, तितकी पेशी चिवट.

शी शू झाडानेही यावर उपाय काढलेला आहे. स्वतःच्या विषाने मरू नये म्हणून त्याच्या एन्झाइममध्ये एक अमिनो आम्ल बदललेलं आहे. प्रयोगशाळेत या औषधाला दाद न देणाऱ्या माणसाच्या रक्तकर्करोगाच्या पेशींतही नेमका तोच बदल सापडला होता.

प्रयोगशाळेत ही फिकट पिवळी पूड डीएमएसओ या द्रावकात विरघळवून डीप फ्रीझरमध्ये ठेवतात. पेशी मरताना कशा दिसतात याचा नमुना हवा असला की पेशी वाढवायच्या प्लेटच्या एखाद्या खळग्यात ती घालतात. पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यात वलय हळूहळू उघडतंच, म्हणून पातळ द्रावण आयत्या वेळीच करावं.

पाण्यात विरघळणारे कॅम्प्टोथेसिनचे भाऊबंद नव्वदीत बाजारात आले: इरिनोटेकान जपानमध्ये १९९४ ला, टोपोटेकान अमेरिकेत १९९६ ला. अलीकडे अँटिबॉडीला, म्हणजे नेमक्या पेशी हेरणाऱ्या प्रथिनाला, जोडलेली रूपंही आली. मागणी वाढली तशी कोल्हापूर, सिंधुदुर्गातून नरक्याच्या तस्करीच्या बातम्या येऊ लागल्या. झाड तोडून, ढलप्या वाळवून पोत्यात भरायच्या. २००५ मध्ये नरक्याच्या आत राहणारी बुरशीही हे संयुग बनवते असं जाहीर झालं, तेव्हा मोठी आशा वाटली होती. पण अशा बुरश्या पिढ्यामागून पिढ्या वाढवल्या की उत्पादन घटत जातं, आणि कुऱ्हाड पुन्हा झाडावरच पडते.