डच आणि पोर्तुगीज भाषा : तुलना

दोन्ही भाषा इंडो-युरोपियन कुळातल्याच, पण घराणी वेगळी. डच पश्चिम जर्मॅनिक, म्हणजे जर्मन-इंग्लिशच्या भावकीतली, आणि पोर्तुगीज लॅटिनमधून आलेली, स्पॅनिश-गॅलिशियनच्या शेजारची. डच मातृभाषा असलेले साधारण अडीच कोटी लोक, मुख्यतः नेदरलँड्स, बेल्जियमचा फ्लँडर्स भाग आणि सुरिनाममध्ये. पोर्तुगीजवाले वीस कोटींच्या वर आणि त्यातले बहुतेक ब्राझीलचे.

डचमध्ये मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी बसतं पण उपवाक्यात थेट शेवटी जातं. 'इक वेट दाट हेइ अन बूक कोप्ट', म्हणजे 'मला माहितीय की तो पुस्तक विकत घेतो', यातलं 'कोप्ट' म्हणजे घेतो, ते शेवटी आलंय, मराठी माणसाला यात काही वेगळं वाटणार पण नाही. हेच पोर्तुगीजमध्ये 'सेइ के एले कोंप्रा उं लिव्रु', इथे क्रियापद कर्माच्या आधी, पण 'सेइ'मध्ये 'मी' आपोआप आला, आपण नुसतं 'गेलो' म्हणतो तसं. डचमध्ये हे चालत नाही, 'इक' लावावंच लागतं कारण क्रियापदाचे प्रत्यय बरेच झिजलेत. लिंगं दोन्हीकडे दोनच, पण पोर्तुगीजमध्ये पुल्लिंग-स्त्रीलिंग आणि प्रमाण डचमध्ये पुल्लिंग-स्त्रीलिंग जवळजवळ एकत्र होऊन त्यांच्यासमोर नपुंसकलिंग. उच्चारांत डचचा घशातला 'ख' आणि पोर्तुगीजचे नाकातले स्वर लगेच ओळखू येतात. एक साम्य मात्र मजेशीर आहे, दोघींना लघुत्वदर्शक प्रत्यय फार आवडतात: बिअरला डच माणूस 'बिर्त्ये' म्हणेल आणि ब्राझीलवाला 'सेर्वेझिन्या', आणि ग्लास लहानच असला पाहिजे असं काही नाही.

पण या दोन भाषांची तुलना खरी रंगते ती समुद्रापलीकडे. डचांनी १७व्या शतकात पोर्तुगीजांकडून मलाक्का (१६४१), कोलंबो (१६५६), कोची (१६६३) अशी ठाणी घेतली, पण भाषा काही घेता आली नाही. उलट डचांनीच वसवलेल्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, गुलाम आणि मुक्त झालेले गुलाम भारताच्या किनाऱ्यांवरून आलेले, त्यांच्या तोंडी मोडकी पोर्तुगीज, आणि डच घरांतली पोरं त्यांच्याच हाताखाली वाढलेली, त्यामुळे रस्त्यावर आणि स्वयंपाकघरात पोर्तुगीजच चालायची. या लोकांसाठी डचांनी पोर्तुगीज प्रार्थनेचं चर्च बांधलं, १६९५ सालचं, ते अजून उभं आहे. पोर्तुगीज भाषेतला बायबलचा पहिला छापील नवा करारसुद्धा १६८१ मध्ये ॲमस्टरडॅमला निघाला, भाषांतरकार जुआंव फेरैरा द आल्मैदा हा पोर्तुगालमध्ये जन्मलेला पण डचांच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये पाद्री झालेला. त्या छपाईत इतक्या चुका राहिल्या की प्रती नष्ट करायचे हुकूम सुटले, आणि वाचलेल्या काही हाताने दुरुस्त करून वापरल्या.

दोन्ही भाषा एकाच भाषेत मिसळलेल्या दिसतात ते कॅरिबियनमधल्या पापियामेंतुमध्ये (अरुबा, बोनेर, कुरासाव). हिच्या उगमावरून अभ्यासकांत बराच वाद आहे. डचांनी कुरासाव १६३४ मध्ये स्पॅनिशांकडून घेतलं, पोर्तुगालची सत्ता तिथे कधीच नव्हती, तरी 'पोर्ता' (दार), 'प्रेतु' (काळा), 'सापातु' (बूट) असे शब्द स्पॅनिशपेक्षा पोर्तुगीजला जवळचे, हे आले कुठून? एक मत असं की भाषा मुळात स्पॅनिशच, पोर्तुगीज नंतर मिसळली. दुसरं मत ज्यूंकडे बोट दाखवतं: ब्राझीलमधलं डच राज्य १६५४ मध्ये बुडाल्यावर पोर्तुगीज बोलणारे ज्यू आणि त्यांचे नोकर-गुलाम कुरासावला आले, त्यांनी ती आणली. तिसरं मत आफ्रिकेचं. भाषाअभ्यासक रोडोल्फो लेंझने १९२० च्या दशकातच आफ्रो-पोर्तुगीज मूळ सुचवलं होतं, आणि २०१२ मध्ये बार्ट याकोब्स या दुसऱ्या अभ्यासकाने पश्चिम आफ्रिकेतल्या केप व्हर्दे आणि गिनी-बिसाऊच्या क्रिओल (म्हणजे भाषांच्या मिसळीतून जन्मलेल्या) भाषांशी पापियामेंतुची तपशीलवार तुलना केली. यात नुसते शब्द नाहीत, शब्द तर कुठूनही उचलता येतात, सर्वनामं, काळ दाखवणारे शब्द आणि '-मेंतु' प्रत्ययाचा वापर असलं हाडामांसाचं व्याकरण जुळतं. शिवाय सेनेगलजवळचं गोरे बेट १६७७ पर्यंत बराच काळ डचांकडे होतं, म्हणजे गुलामांची वाहतूक त्या वाटेने व्हायला वाव होता. तूर्त हेच मत जास्त पटण्यासारखं आहे, ज्यूंचा वाटा नाकारायचं कारण नाही पण पाया त्यांचा असावा असं वाटत नाही. लिखित पुरावा उशिराचा, सर्वात जुनं उपलब्ध पत्र १७७५ चं, तोपर्यंत भाषा चांगली मुरलेली. डचचा थर नंतरचा आणि वरवरचा: 'बुकी' (पुस्तक), 'स्तुल' (खुर्ची), 'दांकी' (धन्यवाद). अरुबात २००३ पासून आणि कुरासाव-बोनेरमध्ये २००७ पासून हिला सरकारी मान्यता आहे.

महाराष्ट्रात रेवदंड्याजवळच्या कोर्लई गावात ख्रिश्चन लोक पोर्तुगीज क्रिओल अजून बोलतात. १७४० मध्ये शेजारचं पोर्तुगीजांचं चौल मराठ्यांकडे गेल्यावर ते पोर्तुगालपासून तुटले, आणि मराठीच्या सहवासात त्यांच्या वाक्यात क्रियापद शेवटी गेलं. मराठीत पाव, चावी, पगार, बटाटा असे पोर्तुगीज शब्द ढिगाने आहेत. डचांची वखार वेंगुर्ल्याला होती पण शब्द फारसे उरले नाहीत. पत्त्यांतलं 'किलवर' डच 'क्लाव्हर'वरून आलं असावं, कारण इंग्लिशमध्ये त्या रंगाला 'क्लब' म्हणतात आणि सिंहलीतही त्याचं नाव डचवरूनच आलेलं आहे.