१० जिंकल्या, ९ हरल्या, तरी सगळ्यात भारी पिचर

२०१८ च्या अमेरिकन बेसबॉल सीझनमध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉम या पिचरच्या (बॅटरला बॉल टाकणाऱ्या खेळाडूच्या) नावावर १० विजय आणि ९ पराभव लागले. त्याच लीगमध्ये वॉशिंग्टनच्या मॅक्स शर्झरचे १८ विजय, फक्त ७ पराभव, वर ३०० स्ट्राइकआउट (बॅटरला तीन स्ट्राइकवर पिचरनेच आउट करणं). तरी बेस्ट पिचरचा साय यंग अवॉर्ड गेला डीग्रॉमकडे, आणि ३० पैकी २९ जणांनी त्याला पहिल्या नंबरचं मत दिलं. मला तर हा निकाल एकदम बरोबर वाटतो.

कारण बेसबॉलमध्ये पिचरला विजय मिळायचा तर सुरुवात करणाऱ्याने किमान ५ इनिंग टाकायच्या, तो बाहेर जाताना टीम पुढे पाहिजे आणि ती आघाडी नंतर एकदाही जाता कामा नये. यातलं त्याच्या हातात किती आहे सांगा? आपल्याकडे बोलरने ४ ओव्हरमध्ये १५ रन दिले आणि बॅटिंग कोसळून मॅच गेली तर बोलरला कोणी बोल लावत नाही.

म्हणून आधी बघायचा ईआरए. पिचरच्या खात्यावर पडलेले रन गुणिले ९, भागिले त्याने टाकलेल्या इनिंग, म्हणजे पूर्ण ९ इनिंगच्या मॅचमागे तो सरासरी किती रन देतो ते. डीग्रॉमचे ४१ रन, २१७ इनिंग, ४१ गुणिले ९ झाले ३६९, भागिले २१७, उत्तर १.७०. शर्झरचा आला २.५३. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, शर्झरच्या इनिंग २२०.२ अशा लिहिलेल्या दिसतील, पण एका इनिंगमध्ये ३ आउट असतात, त्यामुळे तो पॉइंट दोन म्हणजे दोन तृतीयांश इनिंग.

पण ईआरएमध्येही गडबड आहेच. फील्डरच्या एररमुळे झालेले रन पिचरच्या खात्यावर धरत नाहीत हे ठीक, पण जो फील्डर मुळातच स्लो आहे आणि बॉलपर्यंत पोचलाच नाही, त्याचा एरर बहुतेक वेळा लिहिलाच जात नाही, तो हिट होतो, म्हणजे बॅटर बॉल मारून सुखरूप बेसवर पोचला असं धरतात, आणि रन पिचरच्या माथी. २००१ मध्ये बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक व्होरोस मॅक्रॅकन यांनी मांडलं की बॉल मैदानात मारला गेला की पुढे हिट होणार की आउट यावर पिचरचा कंट्रोल लोकांना वाटतो त्याच्यापेक्षा खूपच कमी असतो, आणि यावर तेव्हा भरपूर वाद झाला.

त्यातूनच पुढे टॉम टँगो या दुसऱ्या आकडेतज्ज्ञाचा फिप नावाचा आकडा आला, ज्यात फील्डरचा संबंध जवळपास नसलेल्या गोष्टीच घेतात. होम रन (आपल्या सिक्ससारखा थेट बाहेर मारलेला बॉल) गुणिले १३, वॉक (चार खराब बॉल पडल्यावर बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) आणि बॅटरच्या अंगाला लागलेले बॉल मिळून गुणिले ३, त्यातून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा, भागिले इनिंग, आणि आकडा ईआरएसारखा दिसावा म्हणून ३ च्या थोडा वर असा एक स्थिरांक मिळवायचा. डीग्रॉमचे होम रन १०, वॉक ४६, स्ट्राइकआउट २६९, फिप २ च्या किंचित खाली. म्हणजे १.७० मध्ये नशिबाचा वाटा होता, पण थोडाच.

व्हिप हा आणखी एक आकडा त्यामानाने सोपा, वॉक आणि हिट मिळून भागिले इनिंग. १ च्या खाली म्हणजे उत्तमच, डीग्रॉमचा ०.९१.

आणि वेगवेगळ्या काळातले पिचर नुसते शेजारी ठेवून चालत नाही. सेंट लुइसच्या बॉब गिब्सनचा १९६८ चा ईआरए १.१२, बॉस्टनच्या पेड्रो मार्टिनेझचा २००० चा १.७४. वरवर बघता गिब्सन खूप पुढे. पण १९६८ साली त्याच्या लीगची सरासरीच ३ च्या आसपास होती, पिचर इतके वरचढ झाले होते की पुढच्या वर्षी माउंडची, म्हणजे पिचर ज्या उंचवट्यावरून बॉल टाकतो त्याची, उंची १५ इंचांवरून १० वर आणली. पेड्रोच्या वेळी लीगची सरासरी ४.९ च्या आसपास. भागून बघा, गिब्सन सरासरीच्या ३७ टक्के, पेड्रो ३५ ते ३६ टक्के, त्यात पेड्रोचं घरचं मैदान बॅटर्सना धार्जिणं असलेलं फेनवे पार्क. माझ्या मते पेड्रोचं ते वर्ष जास्त भारी.