वापरकर्ता-अनुभवाधारित कार्यक्षमता चाचणी

संकेतस्थळ किंवा ॲप ते वापरणाऱ्या व्यक्तीला किती लवकर आणि किती सुरळीत प्रतिसाद देते, हे शक्यतो तिच्याच उपकरणावर मोजण्याची पद्धत. नेहमीच्या लोड टेस्टिंगमध्ये जेमीटरसारखी साधने हजारो कृत्रिम वापरकर्ते उभे करून सर्व्हर किती भार पेलतो ते पाहतात. ही चाचणी आवश्यकच आहे. परंतु सर्व्हरने उत्तर पाठवल्यापासून पडद्यावरचे बटण प्रत्यक्ष दाबता येईपर्यंत काही सेकंद जाऊ शकतात. कमकुवत नेटवर्क, स्वस्त फोनचा प्रोसेसर आणि पानासोबत येणारी जड जावास्क्रिप्ट यांमुळे होणारा हा खोळंबा सर्व्हरच्या नोंदींत दिसत नाही.

मोजमापातील सर्वांत फसवा आकडा सरासरीचा. शंभरपैकी नव्वद जणांना पान ०.३ सेकंदांत मिळाले आणि दहा जणांना ८ सेकंद थांबावे लागले, तर सरासरी १.०७ सेकंद येते. एवढा वेळ प्रत्यक्षात कोणालाच लागलेला नसतो आणि ताटकळलेले दहा जण हिशेबातून नाहीसे होतात. म्हणून अहवालात ७५, ९५ किंवा ९९ पर्सेंटाइलचे आकडे, म्हणजे तेवढ्या टक्के लोकांना जास्तीत जास्त किती वेळ लागला ते, द्यावे लागतात.

सरासरी उलट्या दिशेनेही चकवते. यूट्यूबमधील अभियंता ख्रिस झकारायस यांनी व्हिडिओचे पान सुमारे १.२ मेगाबाइटवरून १०० किलोबाइटच्या आत आणले, तेव्हा पान उघडण्याचा सरासरी वेळ कमी होण्याऐवजी वाढला. आग्नेय आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका अशा भागांत जिथे पूर्वी पान उघडायला वीस मिनिटांहून अधिक वेळ लागे, तिथे ते आता दोन मिनिटांत उघडू लागले होते आणि तिथल्या लोकांची भर मोजणीत पडली होती. हा अनुभव त्यांनी २०१२ मध्ये लिहिला. भौगोलिक विभागणी न करता आकडे वाचले असते, तर उत्तम काम फसले असे ठरले असते.

गूगलने २०२० मध्ये वेब व्हायटल्स हे निकष जाहीर केले. पानावरील सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्शाला २०० मिलिसेकंदांत दृश्य प्रतिसाद मिळावा आणि मांडणी हलण्याचा गुणांक ०.१ च्या आत राहावा, असे त्यांचे आजचे रूप आहे. यांपैकी प्रतिसादाचा निकष मार्च २०२४ मध्ये बदलला. किमान ७५ टक्के भेटींत मर्यादा पाळली गेली, तरच पान चांगले मानले जाते. तिसरा निकष मराठी संकेतस्थळांना विशेष लागू पडतो. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटची फाइल साध्या रोमन फाँटपेक्षा बहुधा मोठी असते. ती उशिरा पोहोचली की आधी पर्यायी फाँटमध्ये दिसलेल्या ओळी पुन्हा मांडल्या जातात आणि वाचक दाबणार तेवढ्यात दुवा खाली सरकतो.

क्रोम ब्राउझर मुख्यतः अँड्रॉइड व डेस्कटॉपवर गोळा करत असलेली अशी माहिती २८ दिवसांच्या सरकत्या कालावधीसाठी प्रसिद्ध होते, त्यामुळे आज केलेली सुधारणा तिच्यात हळूहळू उतरते. आयफोनवरचा अनुभव तिच्यात नसतो. शिवाय पान उघडण्याआधीच कंटाळून निघून गेलेल्यांची पूर्ण नोंद होत नाही, ही या पद्धतीची सर्वांत गंभीर उणीव म्हणावी लागेल. पान मंद का झाले, याचा शोध मात्र लाइटहाउससारख्या साधनाने, नियंत्रित वेगाच्या नेटवर्कवर तेच पान पुन्हापुन्हा उघडून घ्यावा लागतो.