मालवाहू सायकल

मालवाहू सायकल : चालकाखेरीज जड ओझे नेता यावे म्हणून सांगाडा, चाके व कॅरिअर यांत फेरफार केलेली सायकल. मुळातच तशी घडवलेली आणि साधीच असून ओझ्यासाठी बळकट करून घेतलेली, अशा दोन्ही सायकली या संज्ञेत येतात. ग्रामीण विदर्भात दिसते ती मुख्यतः दुसरी.

उगम : मालवाहू सायकलीचा आरंभ कोठून धरावा, याविषयी मतभेद आहेत. तीनचाकी गाड्या जमेस धरल्या, तर इंग्लंडात त्या १८८० नंतरच्या दशकातच माल पोचवीत होत्या. दुचाकीपुरते पाहिल्यास दोन घराणी दिसतात : पुढचे चाक लहान करून त्यावरच्या मोकळ्या जागेत सांगाड्यालाच टोपली जडवलेली खाटिकांची व पाववाल्यांची सायकल, आणि हँडल व पुढचे चाक यांच्यामध्ये सखल फळी असलेली डेन्मार्कची ‘लाँग जॉन’. लाँग जॉनसाठी काहीजण १९२३ हे वर्ष देतात. तथापि पहिला नमुना आणि नियमित उत्पादन यांत फरक केला पाहिजे, आणि तो केल्यास १९२० ते १९३० असे दशक सांगणेच अधिक सयुक्तिक ठरते. मागचा भाग लांबवलेली ‘लाँगटेल’ बरीच अलीकडची आहे.

भाराची जागा : ओझे जितके सखल आणि दोन आसांच्या जितके आत, तितकी सायकल स्थिर राहते. मागच्या आसापलीकडे गेलेला भार पुढचे चाक हलके करतो व चढावर ते उचलले जाते. हँडलला टांगलेला भार हँडलबरोबर फिरतो, त्यामुळे वळणे जड जाते. तोच सांगाड्याला जडवला की हँडल मोकळे राहते. लाँग जॉनमध्ये फळीखालून गेलेला दांडा पुढचे चाक वळवतो आणि भार आसांच्या मध्येच राहतो. मात्र लांबीमुळे वळसा मोठा घ्यावा लागतो आणि पांदणीतल्या खोल चाकोरीत सखल फळी टेकू शकते.

विदर्भातील वापर : येथील आधार म्हणजे २८ इंची चाकांची, दांडीची काळी सायकल. तिच्या पुढच्या चाकाला ३२ व मागच्याला ४० तारा असण्याची परंपरा आहे, म्हणजे वजन मागे पडणार हे घडवतानाच धरलेले असते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांच्या काही भागांत, भूजल खारट असल्याने पिण्याचे पाणी दुरून आणावे लागते. पंधरा-पंधरा लिटरच्या दोन कॅन कॅरिअरच्या दोन अंगांना जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधल्या, की तीस किलो भार चाकाच्या बगलेला सखल लटकतो. अर्धी कॅन हिंदकळून सायकल ओढते, म्हणून ती काठोकाठ भरतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्ड व टायर यांच्यामध्ये बसून चाक जाम करतो. मग मडगार्डच काढून ठेवतात. धान्याचे चुंगडे मात्र पुष्कळदा दांडीखालच्या तिकोनात आडवे सारतात. तेथे भार नेमका दोन आसांमध्ये येतो, पण पायडल मारता येत नाही. एक हात हँडलवर, दुसरा सीटवर ठेवून सायकल घरापर्यंत लोटत न्यावी लागते.