गोव्यातलं बालसंरक्षणाचं काम आणि एका व्याख्येचा वाद : पार्श्वभूमी

गोवा बाल कायद्यात फोटो स्टुडिओवाल्यांसाठी एक तरतूद आहे. धुवायला आलेल्या फिल्ममध्ये मुलांची अश्लील चित्रं दिसली, तर जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं. हॉटेलवाल्यांसाठीही आहे. कुटुंबासोबत किंवा नात्यातल्या माणसासोबत नोंद नसलेल्या मुलाला खोलीत जाऊ द्यायचं नाही. २००३ साली हे असं का लिहावं लागलं, हे त्या काळातल्या गोंयकाराला सांगावं लागत नाही. १९९१ मध्ये मडगावात अनाथ मुलांसाठी घर चालवणाऱ्या एकाला अटक झाली, छायाचित्रांचा ढीग सापडला आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठी तेव्हा देशात वेगळा कायदाच नव्हता. तसा केंद्राचा कायदा, पॉक्सो, यायला २०१२ उजाडलं. गोव्याने त्याआधी नऊ वर्षं स्वतःचा कायदा केला होता, ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशीच आहे.

त्यामागचा इतिहास लांबचा आहे. पोर्तुगीज अमदानीत पोरकं मूल हा धर्मांतराचा विषय होता. १५५९ च्या राजाज्ञेने अनाथ हिंदू मुलं जेझुइटांकडे सोपवण्याची वाट मोकळी केली. मुक्तीनंतरही बराच काळ मुलांची काळजी म्हणजे अनाथालय, असंच समीकरण राहिलं. घरी जाऊन चौकशी करणारा, कागद लिहिणारा केसवर्कर हा खऱ्या अर्थाने गेल्या दोन-अडीच दशकांतला माणूस.

जून २००४ मध्ये वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरची देहविक्रीची वस्ती पाडली गेली. तिथल्या मुलांमध्ये वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांचं कामाचं ठिकाणच एका पावसाळ्यात विखुरलं. २००९-१० पासून केंद्राच्या योजनेतून जिल्हावार बालसंरक्षण कक्ष आणि कंत्राटी पदं आली. २०१६ पासून २०१५ चा बाल न्याय कायदा लागू झाला. मूल ताब्यात घेतलं की प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बाल कल्याण समितीसमोर, म्हणजे अशा मुलांच्या काळजीबाबत निर्णय घेणाऱ्या समितीसमोर, आणायचं, सामाजिक तपास अहवाल १५ दिवसांत द्यायचा. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ चा फोन पूर्वी स्वयंसेवी संस्था उचलायच्या, २०२३ पासून तो सरकारकडे गेला आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाला जोडला गेला.

१५ दिवस कागदावर पुरेसे वाटतात. पण झुआरीनगर किंवा मोतीडोंगरच्या भाड्याच्या खोलीत कुटुंब शोधत जावं, तर खोलीला कुलूप असतं आणि शेजारीण सांगते, ‘ते गावाला गेले.’ गाव म्हणजे कर्नाटकातलं. मग तिकडच्या समितीशी पत्रव्यवहार सुरू होतो. मूल रात्री कुठे झोपतं, घरात दारू कोण पितं, शाळेच्या हजेरीपटावर नाव कधीपासून गळलं, हे सगळं अहवालात येतं, आणि त्यातलं बहुतेक एका भेटीत कोणी सांगत नाही.

खरा गुंता मात्र वेगळाच आहे. गोवा कायद्यातली ‘बाल अत्याचारा’ची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवलेली आहे. वागणूक वारंवार घडलेली असो वा नसो, शारीरिक वा मानसिक छळ, हेळसांड, क्रूरता, मुलाच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारं कृत्य किंवा बोलणं, अन्न-निवारा तोडणं, सगळं तीत बसतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपये दंड. खटला चालतो तो खास बाल न्यायालयात. त्यामुळे एरवी किरकोळ मारहाण म्हणून नोंदलं गेलं असतं, तेही मुलाच्या बाबतीत इथे येऊन पोचायचं.

यावर आक्षेप होताच. २०१४ मधल्या एका प्रकरणात पाच आणि आठ वर्षांच्या दोन बहिणींना पट्टीने मारल्याबद्दल शिक्षिकेला दोषी धरलं गेलं. कारण काय, तर त्यांतल्या एकीने वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या बाटलीतलं पाणी प्यायलं. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. शिस्त लावण्यासाठी वाईट हेतू नसताना केलेला बेताचा बळाचा वापर गुन्हा ठरत नाही, असा त्याचा रोख होता. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, एका मोठ्या माणसाने मुलाला दप्तराने मारल्याच्या प्रकरणात, एखादी साधी, एकटी घटना म्हणजे बाल अत्याचार नव्हे, इजा करण्याचा वा छळण्याचा हेतू दिसायला हवा, असं सांगितलं.

फौजदारी कायद्याच्या अंगाने हे समजण्यासारखं आहे. पट्टीच्या दोन फटक्यांसाठी कोणी तुरुंगात जावं, असं मलाही वाटत नाही. पण ‘वारंवार असो वा नसो’ हे शब्द कायद्यात उगाच आले नव्हते. मुलाचं पहिलं सांगणं जवळजवळ नेहमी एकाच घटनेचं असतं, मागच्या दहा घटना विश्वास बसल्यावर बाहेर येतात. शिवाय शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतली शारीरिक शिक्षा २०१० पासूनच बंद केलेली आहे. तिला ‘बेताची’ म्हणण्याला त्यात जागा नाही.

या निकालांनंतर केसवर्करला आपली नोंद दोन ठिकाणी वेगळ्या तऱ्हेने लिहावी लागते. पोलिसांकडे जाणाऱ्या कागदात हेतू, पुनरावृत्ती, जखमेचा वैद्यकीय दाखला. समितीकडे जाणाऱ्या अहवालात मूल आज सुरक्षित आहे का, एवढं. बाल न्याय कायद्यात काळजीची गरज असलेलं मूल ठरवायला कोणाचा गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही, त्यामुळे फौजदारी खटला उभा न राहिला तरी हा दुसरा रस्ता खुला राहतो.